गालिच्याचा बाल्कनीकडचा कोपरा

घरात मांजर पाळायला माझा विरोध होता, आणि तो मी त्याच वेळी लेखी नोंदवला होता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचा तोंडी विरोधावर विश्वास नसतो. आमची मुलगी अपेक्षा हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायला निघाली तेव्हा "बाबा, फक्त दोन महिने" म्हणत ते पिल्लू आमच्याकडे ठेवून गेली. त्या दिवशी मी एका कागदावर 'सदर मांजर तात्पुरत्या स्वरूपात ठेवून घेण्यात येत आहे' असं लिहून खाली तिची सही घेतली. त्याला आता अकरा महिने झाले. तात्पुरत्या गोष्टींचं असंच असतं. आमच्या कार्यालयात एक जण तात्पुरता म्हणून लागला होता, तो माझ्या बरोबरीने निवृत्त झाला.

मांजरीचं नाव चकली. शेपूट कायम वळलेलं असतं म्हणून. माझं आणि तिचं फारसं बोलणं नाही, असं मी लोकांना सांगतो. सकाळी मी पेपर वाचत असताना ती नेमकी अग्रलेखावर येऊन बसते, तेव्हा मी "पान उलटायचंय" एवढंच म्हणतो. याला कुणी बोलणं म्हणत नाही. तिच्या मातीचा ट्रे आधी बाथरूममध्ये असे. निवृत्तीनंतर मी घराच्या कारभारात ज्या सुधारणा केल्या, त्यांत गेल्या महिन्यात तो ट्रे बाल्कनीत हलवला. शैलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, या सुधारणेचं कौतुक केलं. म्हणजे ती काही बोलली नाही.

आता गालिच्याविषयी. तो काश्मीरचा. सहलीत आम्हाला एका दुकानात नेलं होतं, दुकानदाराने कहवा पाजला, आणि कहवा पिऊन तसंच उठणं शैलाला बरं दिसेना. लाल रंग, मधे निळं फूल, कडेला वेलबुट्टी. परतीच्या प्रवासात तो माझ्या बर्थवर झोपून आला आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून आलो. हा गालिचा इतका चांगला आहे की आम्ही तो अजून नीट पाहिलेला नाही. तो खराब होऊ नये म्हणून त्यावर कायम एक जुनी चादर असते. पाहुणे महत्त्वाचे असतील तरच चादर काढायची, असा नियम आहे, आणि तेवढे महत्त्वाचे पाहुणे आमच्याकडे वर्षातून एकदाच येतात.

ते या रविवारी यायचे होते. आषाढी पौर्णिमेपासून आमचा वर्षावास सुरू होतो. त्या तीन महिन्यांत विहारातली मंडळी दर रविवारी एकेकाच्या घरी जमून वंदना आणि ग्रंथवाचन करतात, आणि या रविवारी आमची पाळी होती. पंचवीस माणसं येणार, शिवाय वाचन करायला शैलाचे थोरले बंधू हिंमतराव येणार. हिंमतराव अन्नभेसळ खात्यात निरीक्षक होते. सगळी हयात तेलाचे डबे आणि तुपाच्या बरण्या हुंगण्यात गेली. त्यांचं नाक असं की जिना चढतानाच कोणत्या मजल्यावर कालची भाजी गरम होते आहे ते सांगतात.

सोमवारी सकाळी शैलाने गालिच्यावरची चादर उचलली आणि तशीच खाली ठेवली. बाल्कनीकडच्या कोपऱ्यात हातभर डाग होता, आणि वास होता. वास नुसता आला नाही, आला आणि बसला. शैला शाळेत मुख्याध्यापिका होती. ती रागावत नाही, निर्णय देते. ती म्हणाली, "अहो, रविवारपर्यंत हा वास गेला नाही, तर चकली कर्वेनगरला जाईल." कर्वेनगरला तिची बहीण राहते. तिच्याकडे अंगण आहे, आधीच दोन मांजरी आहेत, तिसरी खपून जाईल.

माझा मुळातच लेखी विरोध होता. तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, आणि त्याचं कारण मी इथे सरळ सांगून टाकतो. अपेक्षा हैदराबादला गेल्यावर पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा फोन करायची. "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." एवढाच माझ्या वाट्याचा फोन. एकदा तिने चकलीला बघायचं म्हणून व्हिडिओ लावला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला फोन येतो. मी मोबाईल धरून चकलीच्या मागे घरभर फिरतो आणि फिरता फिरता अपेक्षा मला कॅन्टीनचं जेवण, तिचा साहेब, रूममेटचं घोरणं, सगळं सांगते. वीस-वीस मिनिटं. चकली कर्वेनगरला गेली की तो फोनही कर्वेनगरला जाणार. म्हणून मी ठरवलं, वास जाईल. चकली जाणार नाही.

शैला दुपारी महिला मंडळाला गेल्याबरोबर मी फिनेलची अख्खी बाटली त्या कोपऱ्यावर ओतली. फिनेलवर माझी श्रद्धा आहे. सरकारी कार्यालयात कशावरही फिनेल मारलं की तो प्रश्न सुटला असं धरतात. इथे एवढंच झालं की आधी मांजरीचा वास येत होता, तो आता सरकारी इस्पितळात गेलेल्या मांजरीचा येऊ लागला. चकलीने लांबून पाहिलं, नाक मुरडलं आणि मंगळवारी त्याच जागी पुन्हा आपला अभिप्राय नोंदवला.

मंगळवारी गोष्ट इमारतीत पसरली. वासाला दार नसतं. आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर शरच्चंद्र देवधर राहतात. ते सोसायटीचे सचिव. त्यांनी जिन्यात मला थांबवून लिंबाचा उपाय सांगितला, आणि लिंबं मंडईतूनच आणा, आपल्या बिबवेवाडीतल्या लिंबात रस नसतो, असंही बजावलं. मी दोन बस बदलून मंडईत गेलो आणि चार डझन लिंबं घेऊन आलो. लिंबू लावलं तर रंग उडेल म्हणून शैलाने ती टोपली स्वयंपाकघरात जप्त केली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी गोमूत्र शिंपडायला सांगितलं. एकाचं काढायला दुसऱ्याचं आणायचं, याला आमच्या खात्यात बदली म्हणत. त्याने कुणाचाच प्रश्न सुटत नसे, म्हणून तो उपाय मी नम्रपणे बाजूला ठेवला. कोपऱ्यावरचे किराणावाले पोपटशेठ यांनी खायचा सोडा आणि व्हिनेगर दिलं. सोड्यावर व्हिनेगर टाकल्यावर जो फेस आला तो पाहून मला फार धीर आला. फेस येतो आहे म्हणजे काम होत आहे, असं माझं मत झालं. वर मी बादलीभर कढत पाणी ओतलं, कारण घाण गरम पाण्याने जाते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली प्रियदर्शनी आली. ती आयटीत आहे आणि तिच्याकडे कुत्रा आहे. सोसायटीच्या मागच्या बैठकीत मी त्या कुत्र्याविरुद्ध सूचना मांडली होती. ते ती विसरली असावी अशी मला आशा होती. ती आत आली, गालिच्याशेजारी उकिडवी बसली आणि मी काय काय केलं ते तिने विचारलं. मी क्रमवार सांगितलं. "काका," ती म्हणाली, "तुम्ही एकही चूक सोडली नाहीये." मग तिने समजावलं. गरम पाण्याने वास धाग्यात पक्का बसतो. फिनेल मांजरीच्या पायांना लागलं तर तिला अपाय होतो, ते पुन्हा घरात आणायचं नाही. यासाठी एन्झाईमचं द्रावण मिळतं, ते त्या घाणीचं मूळ खाऊन टाकतं. ती ते मागवणार होती, गुरुवारी येणार होतं. तोवर घरात आणखी कुठे डाग आहेत ते शोधून ठेवा, अंधारात जांभळ्या दिव्याखाली डाग चमकतो, असं सांगून ती गेली. कुत्र्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, त्यामुळे मला फारच वाईट वाटलं.

जांभळा दिवा पोपटशेठच्या गल्ल्याजवळ असतो, नोटा खऱ्या की खोट्या ते बघायला. बुधवारी जेवण झाल्यावर मी तो मागायला गेलो तर दुकान बंद. पाटी होती, दुपारी एक ते चार बंद. मी रागावलो नाही. या वेळेबद्दल मला आदर आहे. मी स्वतः एक वाजता बाल्कनीचं दार लावतो, कारण कबुतरं घुमतात, आणि चारला उघडतो. या तीन तासांत आमच्याकडे कुरियरवालासुद्धा बेल वाजवत नाही, एकदा वाजवून त्याने अनुभव घेतला आहे.

चार वाजता दिवा मिळाला. पडदे ओढून, मागे टॉवेल लावून मी खोलीत अंधार केला आणि दिवा पेटवला. जे दिसलं ते पाहून मी खुर्चीवर बसलो. पडदे चमकत होते. सोफ्याची कव्हरं चमकत होती. दोरीवरचे माझे तिन्ही बनियन, उशांचे अभ्रे, शैलाची पांढरी साडी, जी रविवारी वंदनेला नेसायची म्हणून तिने काढून ठेवली होती, सगळं निळंशार चमकत होतं. मी खाली पाहिलं तर माझा अंगातला लेंगासुद्धा चमकत होता. या मांजरीने अकरा महिन्यांत आमच्या संसाराचा एक धागा सोडला नव्हता. मी तसाच, लेंग्याच्या उजेडात, प्रियदर्शनीच्या दारावर गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं, दोनदा खोकली, आणि म्हणाली की कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी एक द्रव्य घालतात, ते या दिव्याखाली निळं चमकतं. मांजरीचा डाग पिवळट, मळकट दिसतो. म्हणजे मी आमच्या घरातला सगळा स्वच्छपणा शोधून काढला होता.

पुन्हा पाहिलं. पिवळट डाग अख्ख्या घरात एकच होता, गालिच्याच्या बाल्कनीकडच्या कोपऱ्यात. आता मला राहवेना. सोफा आहे, पलंग आहे, माझी खुर्ची आहे, मग इथेच का? चौकशी करायची तर ती पूर्ण करायची. गुरुवारी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा जेवण झाल्यावर झोपलो नाही. एक वाजता रोजच्याप्रमाणे बाल्कनीचं दार लावलं, आणि पलंगावर पडून एक डोळा किलकिला ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी चकली उठली. अंग ताणलं, आणि थेट बाल्कनीच्या दाराशी गेली. दार बंद. तिने पंजाने दोनदा खरवडलं. थांबली. माझ्याकडे वळून पाहिलं, हलक्या आवाजात एकदा म्याव केलं, एखादा माणूस खिडकीवरच्या कारकुनाला "साहेब" म्हणतो तसं. मी हललो नाही, कारण मी झोपलेलो होतो. मग ती दाराच्या शेजारी जितकं जवळ जाता येईल तितक्या जवळ, गालिच्याच्या कोपऱ्यावर गेली.

ट्रे बाल्कनीत मी हलवला होता. दार मी लावत होतो. महिनाभर रोज ती बिचारी अर्ज करत होती आणि मी घोरत होतो. चौतीस वर्षं मी लोकांना "चारनंतर या" म्हणत आलो, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मला माझी लाज वाटली.

हे शैलाला सांगायला हवं होतं. पण आपली चूक तोंडी कबूल करायची सवय नोकरीत लागत नाही. मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर स्केचपेनाने लिहिलं, 'हे दार दुपारी १ ते ४ उघडे राहील', आणि तो दाराला चिकटवला. शैलाने तो येता-जाता वाचला आणि चहा टाकला.

संध्याकाळी द्रावण आलं. डाग आधी थंड पाण्याने धुवायचा, फडक्याने टिपायचा, घासायचा नाही. मग द्रावण मुरेपर्यंत ओतायचं, वर प्लास्टिक टाकायचं, आणि चोवीस तास काहीही करायचं नाही. काहीही न करणं हे मला जमण्यासारखं काम होतं. ते मी चोख केलं.

शुक्रवारी संध्याकाळी प्रश्न आला तो वाळवण्याचा. बाहेर सारखी झिमझिम चालू होती. गच्चीवर अर्ध्या भागाला पत्रा आहे, त्याच्या आतल्या कठड्यावर गालिचा टाकला की वारा लागून दोन दिवसांत वाळला असता. मी आणि प्रियदर्शनी तो गुंडाळून वर नेत असताना देवधर जिन्यात आडवे आले. "नियम सात," ते म्हणाले. गच्चीच्या कठड्यावर ओले कपडे, गाद्या, पापड वगैरे वाळत घालण्यास सक्त मनाई आहे. हा नियम चार वर्षांपूर्वी मी सचिव असताना मीच लिहिला होता. 'वगैरे' हा शब्द मी खास आग्रहाने घातला होता, जेणेकरून कुणी पळवाट काढू नये. मी म्हटलं, नियमाला अपवाद असतो. देवधर म्हणाले, "असतो ना. लेखी अर्ज, आणि वरच्या मजल्यावरच्या तिन्ही बिऱ्हाडांची ना हरकत. हेही आपलंच लिहिलेलं आहे. अक्षरही छान आहे."

माणसाने स्वतःच्या अक्षरापुढे हात जोडून उभं राहावं, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. पण मी मागे हटलो नाही. अर्ज केला, तीन प्रतींत. वरच्या मजल्यावर गेलो. पहिल्या दारी मुंजीची पत्रिका मिळाली, दुसऱ्या दारी मधुमेहावर कारल्याचा रस कसा घ्यावा ते कळलं, तिसऱ्या दारी कुणी उघडेना, तिथे मी पायरीवर पाऊण तास बसलो. तिन्ही सह्या घेऊन खाली आलो तेव्हा देवधरांनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला, 'वाळवण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलेलं 'घरगुती' यावर बोट ठेवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सही केली. वर म्हणाले, आमच्या स्कूटरवर थेंब पडले तर वेगळा अर्ज लागेल.

शनिवारी मी दिवसभर गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. दर तासाला गालिचा उलटायचा, गुडघे टेकून कोपऱ्याला नाक लावायचं, पुन्हा बसायचं. पलीकडच्या इमारतीतल्या लोकांचा काहीतरी गैरसमज झाला असावा, ते खिडकीत येऊन बघत होते. संध्याकाळपर्यंत मांजरीचा वास गेला होता. फिनेलही जवळजवळ गेलं होतं. पण व्हिनेगर मात्र कुठेतरी आत दबा धरून होतं, आणि कोपरा हाताला अजून दमट लागत होता.

रविवारी चार वाजता मंडळी आली. पांढरे कपडे, फुलं, मेणबत्त्या. शैलाने चादर काढली, गालिचा लख्ख दिसत होता, आणि दोघीतिघींनी तो हात लावून पाहिला. चकलीला मी आतल्या खोलीत ठेवलं होतं. हिंमतरावांना मानाने बसवताना मी त्यांना निळ्या फुलाच्या मधोमध जागा दाखवली. पण त्यांना उजेड हवा होता, वाचायचं होतं, म्हणून ते सरकत सरकत बाल्कनीच्या कोपऱ्यावर जाऊन बसले. मी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं, ध्यान.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. पहिलं शील, प्राण्याला इजा करणार नाही. चौथं शील, खोटं बोलणार नाही. शैलाचा आवाज सगळ्यांत खणखणीत. शाळेत तिने कधी हजेरीसुद्धा खोटी मांडली नाही, घरात तर माझ्या साहेबांचा फोन आला तरी "घरीच आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात" असं सांगणारी ती बाई. मग वाचन झालं. ग्रंथ मिटून हिंमतरावांनी चष्मा काढला, आणि त्यांचं नाक वर झालं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "शैला," ते म्हणाले, "इथे काहीतरी आहे. आंबूस."

आतल्या खोलीतून चकलीने नेमकं तेव्हाच दार खरवडलं. शैलाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "दादा, काल तिथे लोणच्याची बरणी सांडली."

"कैरीचं?"

"लिंबाचं."

हिंमतरावांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला, डोळे मिटले, आणि निरीक्षकाच्या आवाजात निकाल दिला. "मीठ कमी पडलंय. पण मुरलं चांगलं आहे. जाताना एक बरणी दे मला."

ते आता संपलं, पुढच्या रविवारी पोचवते, असं शैला त्यांना म्हणाली. खीर वाटली गेली, मंडळी जय भीम करून निघाली, जिन्यात देवधरांना हिंमतरावांनी सांगितलं की तुमच्या वरच्या बिऱ्हाडात लोणचं उत्तम होतं. मी दार लावलं. आतल्या खोलीचं दार उघडल्याबरोबर चकली बाहेर आली, गालिच्यावरून बेपर्वाईने चालत बाल्कनीत गेली आणि ट्रेमध्ये माती उकरू लागली.

मी शैलाला म्हटलं, "चौथं शील घेऊन पुरता तासही झाला नव्हता."

ती कप गोळा करत होती. "पहिलं चौथ्याच्या आधी येतं," ती म्हणाली. "सेवाज्येष्ठता तरी तुम्हाला कळायला हवी. आणि चूक तिची नव्हती, हे तुम्ही दारावर लिहून लावलंय की." मग तिने स्वयंपाकघरातून लिंबांची टोपली आणली, विळी आणली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या. मंडईची लिंबं, चार डझन. खोटं बोलून झालं होतं, आता पुढच्या रविवारच्या आत ते खरं करायचं होतं.

साडेसातला फोन वाजला. अपेक्षा चकली दाखवा म्हणाली, मी दाखवली. ती गालिच्याच्या कोपऱ्यावर, चादर न टाकलेल्या लाल रंगावर पसरून झोपली होती. अपेक्षाने विचारलं, बाबा, आज तुम्ही काय करताय? मी मोबाईल बरणीला टेकवून ठेवला आणि म्हटलं, लोणचं घालतोय, जरा वेळ लागेल, तू बोलत राहा.